एसी, कूलर, गीझर: कोणत्या महिन्यात काय तपासायचं आणि ‘गॅस कमी झालाय’ ऐकल्यावर काय विचारायचं

मार्च लागला की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो, “कोणाकडे एसीवाल्याचा चांगला नंबर आहे का?” तोपर्यंत चांगला एसीवाला पुढचे दहा दिवस बुक झालेला असतो. मग जो मिळेल तो येतो, दहा मिनिटं बघतो आणि म्हणतो, “सर, गॅस कमी झालाय.”

दोन वर्षांपूर्वी पुण्यात वाकडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये असताना मी या वाक्यावर २,८०० रुपये दिले. तीन आठवड्यांत एसी पुन्हा जैसे थे. दुसऱ्या टेक्निशियनने पुढचं कव्हर काढून मोबाईलच्या टॉर्चने आतला ब्लोअर दाखवला. त्याच्या पात्यांवर फेल्टसारखा धुळीचा जाड थर बसला होता. गॅस व्यवस्थित होता, बहुतेक पहिल्या वेळीही असणार. मी कॉम्प्युटरचा इंजिनिअर, थर्मोडायनॅमिक्सशी संबंध फक्त पहिल्या वर्षीच्या बेसिक मेकॅनिकलपुरता. पण त्यानंतर हा विषय नीट वाचून काढला. तर मित्रांनो, आपल्याकडच्या घरांत जी यंत्रं खरोखर असतात, म्हणजे एसी, कूलर आणि गीझर, त्यांची ऋतूनुसार देखभाल कशी करायची, त्यातलं घरी काय करता येतं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही, ते पाहूया.

फेब्रुवारी-मार्च: एसी

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा ‘वापरला’ जात नाही. तो बंद नळ्यांमधून गोल गोल फिरतो. घरात उष्णता घेतो, बाहेरच्या युनिटमध्ये सोडतो आणि परत येतो. फ्रिजचंही तेच. तुमच्या घरचा फ्रिज दहा वर्षं गॅस न भरता चालतोच ना? त्यामुळे एसीचा गॅस खरंच कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता भरलेला गॅस परत जाणारच. “दरवर्षी थोडा गॅस टॉप-अप करावाच लागतो” असं कोणी म्हणालं तर ते चूक आहे.

मग गडबड कुठे होते? फिल्टर किंवा ब्लोअर तुंबला तरी एसी थंड करत नाही, कॉइलवर बर्फ जमतो आणि पाणी गळतं. गॅस कमी असला तरी जवळपास हीच लक्षणं दिसतात. एकच लक्षण, दोन कारणं. त्यातलं पहिलं कारण तुम्ही नळाखाली फुकटात दूर करू शकता, म्हणून सुरुवात तिथून.

एसी बंद करा, एमसीबीसुद्धा खाली पाडा. इनडोअर युनिटचं पुढचं झाकण दोन्ही बाजूंनी धरून वर उचला. आत जाळीदार प्लास्टिकचे फिल्टर दिसतील, ते थोडे वर ढकलून खाली ओढले की निघतात. धूळ बसलेली बाजू खाली करून उलट्या बाजूने पाणी सोडा, म्हणजे धूळ जाळीत आणखी रुतत नाही. गरम पाणी नको, ब्रशने खसाखसा घासणं नको. सावलीत पूर्ण वाळवून परत बसवा. सीझनमध्ये हे दर दोन आठवड्यांनी करायचं. घराबाहेर बांधकाम चालू असेल (पुण्यात कुठे नसतं म्हणा) तर दर आठवड्याला.

फिल्टरमागच्या कॉइलचे पातळ पत्रे हाताने किंवा कडक ब्रशने घासू नका, ते लगेच वाकतात. ब्लोअर आणि कॉइल आतून धुणं हे टेक्निशियनचं काम, त्याला वेट सर्व्हिस किंवा जेट सर्व्हिस म्हणतात. वर्षातून एकदा, उन्हाळ्याआधी ती करून घ्या. त्या वेळी एवढंच बघा की पाणी मारण्याआधी त्याने पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्ड, प्लास्टिकने झाकलाय की नाही.

आउटडोअर युनिट बाल्कनीत हाताशी असेल तर त्यासमोर ठेवलेल्या कुंड्या, वाळत घातलेले कपडे बाजूला करा. त्याला गरम हवा बाहेर फेकायला मोकळी जागा लागते. मात्र ते भिंतीबाहेर ब्रॅकेटवर लटकत असेल तर खिडकीतून वाकून ते साफ करायचा प्रयत्न करू नका. इथे जीव जातो, चेष्टा नाही. मुंबई, रत्नागिरी, गोवा अशा समुद्राजवळच्या ठिकाणी खारी हवा कॉइल आणि जोड गंजवते, तिथे बाहेरचं युनिट साध्या पाण्याने थोडं जास्त वेळा धुवून घेतलेलं बरं.

गॅस खरंच कमी आहे का? आधी स्वतः तपासा

फिल्टर स्वच्छ केल्यावर एसी लावा आणि हवेचा झोत हाताने बघा. झोतच कमजोर असेल, तर दोष बहुतेक धुळीचा आहे: ब्लोअर किंवा कॉइल. झोत जोरदार आहे पण हवा गार नाही, तर मग गॅस, कॉम्प्रेसर किंवा बाहेरच्या युनिटकडे संशय जातो.

आता मोजून बघू. त्यासाठी काहीशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर लागतो. प्ले स्टोअरवरची ‘रूम टेम्परेचर’ अ‍ॅप्स इथे कामाची नाहीत. बहुतेक फोनमध्ये खोलीचं तापमान मोजणारा सेन्सरच नसतो, ती अ‍ॅप्स इंटरनेटवरून हवामान दाखवतात किंवा बॅटरीचं तापमान. दारं-खिडक्या बंद करा, एसी १८ वर आणि पंखा फुल ठेवा, १५ मिनिटं थांबा. मग एसी जिथून हवा आत ओढतो तिथलं, म्हणजे इनडोअर युनिटच्या वरच्या बाजूचं तापमान घ्या आणि जिथून गार हवा बाहेर येते तिथलं घ्या. दोन्हींत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर थंड करण्याचं काम नीट चाललंय. पावसाळी दमट हवेत हा फरक थोडा कमी येतो, कारण एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. फरक ३-४ अंशच असेल तर टेक्निशियनला बोलवा.

तो आला आणि त्याने गेज लावून “बघा, प्रेशर कमी आहे” म्हटलं, तर खालचे प्रश्न शांतपणे विचारा.

“लीक कुठे आहे?” हा पहिला. गॅससोबत थोडं कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर पडतं, म्हणून लीक असलेल्या जोडाजवळ बऱ्याचदा तेलकट डाग दिसतो. नीट पद्धत म्हणजे नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरायचा, जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे आणि लीक बंद करायचा.

दुसरा: “व्हॅक्यूम करणार ना?” लीक काढल्यावर नळ्यांतली हवा आणि ओलावा पंपाने ओढून काढावा लागतो. हे न करता भरलेला गॅस म्हणजे फॉरमॅट न करता करप्ट कार्डवर फोटो टाकण्यासारखं आहे.

तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा: “वजन करून भरणार का?” एसीच्या लेबलवर किती ग्रॅम गॅस हवा ते छापलेलं असतं. चालू एसीवरचं प्रेशर बाहेरच्या तापमानानुसार बदलतं. आणि एसी बंद असताना घेतलेलं प्रेशर तर गॅस किती आहे हे सांगतच नाही. घरातल्या सिलिंडरचा विचार करा, आत द्रवरूप गॅस शिल्लक असेपर्यंत दाब सारखाच राहतो, सिलिंडर अर्धा असो की भरलेला. म्हणून आपण सिलिंडर उचलून किंवा वजन करून बघतो. एसीचंही तसंच. काटा आणला नसेल तर तो अंदाजाने भरणार आहे, आणि जास्त भरलेला गॅसही कमी गॅसइतकाच त्रास देतो.

त्याच लेबलवर गॅसचं नावही असतं. नव्या एसींमध्ये बहुतेक आर-३२ असतो, जुन्यांत आर-२२ किंवा आर-४१०ए, आणि काही मॉडेल्समध्ये आर-२९०. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन, घरच्या एलपीजीचा भाऊच. तो चांगलाच ज्वलनशील आहे. आर-३२ सौम्य ज्वलनशील गटात येतो. त्यामुळे या एसींवर काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवा, जवळ देवाचा दिवा, उदबत्ती, सिगारेट काही नको. नळ्यांत गॅस असताना कोणी टॉर्चने जोड वितळवायला लागला तर त्याला थांबवा. एका प्रकारच्या एसीत दुसरा गॅस भरणं हाही प्रकार चालतो, तो अजिबात चालवून घेऊ नका. लेबलचा फोटो आत्ताच काढून ठेवा. बाहेरच्या युनिटवरचं लेबल दोन-तीन उन्हाळ्यांत पांढरं पडतं.

बिलाचं काय? २०२०च्या १ जानेवारीपासून स्टार लेबल असलेले रूम एसी २४ अंशांच्या डिफॉल्ट सेटिंगवर येतात, आणि ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या म्हणण्यानुसार तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. सर्व्हिसिंगने फरक पडला का, हे मात्र स्वतः मोजता येतं. तुमच्या वीज मीटरवर एक लाल दिवा ब्लिंक होतो आणि शेजारी एका युनिटला किती ब्लिंक ते छापलेलं असतं, उदा. ३२००. घरातलं बाकी सगळं बंद करा, फक्त एसी चालू ठेवा आणि फोनने एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ब्लिंक मोजा. ब्लिंकला ६० ने गुणा, ३२०० ने भागा, झाले किलोवॅट. मिनिटाला ८० ब्लिंक म्हणजे दीड किलोवॅट. सर्व्हिसिंगच्या आधी आणि नंतर, त्याच सेटिंगवर, साधारण त्याच उन्हात मोजा. इन्व्हर्टर एसी खोली गार झाल्यावर आपोआप वीज कमी करतो, त्यामुळे दोन्ही वेळा सुरू केल्यावर पाच मिनिटांनी मोजलेलं बरं.

एसी रिमोटला दाद देत नसेल तर टेक्निशियनला फोन करण्याआधी रिमोटचं टोक फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट-पांढरा प्रकाश दिसला तर रिमोट ठीक आहे. नाही दिसला तर आधी सेल बदला.

कूलर: एप्रिलआधी, आणि मग दर आठवड्याला

कूलरचं विज्ञान माठाचंच आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतून जवळपास पाऊण युनिट विजेइतकी उष्णता ओढली जाते, तेही पंखा आणि छोट्या पंपाच्या खर्चात. नागपूर, अकोला, चंद्रपूरला मे महिन्यात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर अशी ओली होऊन हवा जास्तीत जास्त २३ अंशांपर्यंत उतरू शकते. कूलर त्याच्या बराच जवळ जातो. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला हीच मर्यादा २८ वर अडकते, वर खोली चिकट होते ती वेगळी. म्हणून मुंबईकरांनी विदर्भातल्या मावशीचं ऐकून कूलर घेऊ नये. आणि कूलर लावताना समोरची खिडकी उघडी हवी. आत आलेली ओली हवा बाहेर गेली नाही तर तासाभरात मुंबई घरातच तयार होते.

सीझनच्या सुरुवातीला ताट्या बघा. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्या दबून खाली बसल्या असतील, काळ्या पडल्या असतील तर सरळ बदला. हनीकॉम्ब पॅड जास्त वर्षं टिकतात, पण बोअरचं पाणी असेल तर त्यांवर पांढरे क्षार जमतात. पंपाची जाळी साफ करा. पाणी संपलेलं असताना पंप चालू राहिला तर जळतो, हे बहुतेकांना पंप जळल्यावर कळतं.

टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करायची आणि आतून घासायची. नुसतं पाणी बदलून भागत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेवर भिंतीला अंडी चिकटवतो, आणि ती अंडी कोरड्यात काही महिने तग धरतात. पुन्हा पाणी आलं की अळ्या बाहेर. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून ‘आठवड्याचा कोरडा दिवस’ हा आकडा आलाय.

आता शॉकबद्दल. कूलरचा पत्रा, पाणी आणि वीज एकत्र असतात, आणि दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. महावितरण दरवर्षी याबद्दल आवाहन करतं, तरीही. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून थांबू नका, पिन सॉकेटमधून काढा. तीन पिनांचाच प्लग हवा. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून अर्थिंगची जाड पिन तोडून टाकलेली मी दोन नातेवाइकांकडे पाहिली आहे. तसं केलं की पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत जायची वाटच बंद होते आणि मग ती वाट तुम्ही होता. घराच्या मेन बोर्डवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असेल तर करंट गळायला लागताच ती ट्रिप होते. तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघा. खटका पडला तर ती जिवंत आहे. आरसीसीबी नसेल तर कूलर घेण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून ती बसवून घ्या. आणि हात लावून “हलका झिणझिणतोय, चालतंय” असं म्हणणाऱ्या कूलरला त्याच क्षणी बंद करा.

पावसाळा: थोडक्यात

या दिवसांत एसीची मुख्य तक्रार म्हणजे इनडोअर युनिटमधून भिंतीवर ओघळणारं पाणी. हवा दमट, त्यामुळे कॉइलवर पाणी जास्त जमतं, आणि ड्रेन पाइपमध्ये शेवाळासारखी चिकट घाण अडकलेली असते. अर्धा तास एसी चालवा आणि बाहेर पाइपच्या टोकाला थेंब पडतात का बघा. आत गळतंय पण बाहेर कोरडं, म्हणजे पाइप तुंबलाय. बादलीत पाइप सोडला असेल तर त्याचं टोक पाण्यात बुडलेलं नको.

‘ड्राय’ मोड याच ऋतूसाठी आहे. विजा कडाडत असतील तर एमसीबी पाडून ठेवा. कूलर ठेवून देताना टाकी कोरडी करून, पॅड उन्हात वाळवून मगच झाका. ऑक्टोबरनंतर एसी बंद ठेवणार असाल तर शेवटच्या दिवशी तासभर नुसत्या ‘फॅन’ मोडवर चालवा, कॉइल वाळते आणि मार्चमध्ये कुबट वास येत नाही. रिमोटचे सेल काढून ठेवा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: गीझर

इलेक्ट्रिक गीझरचा शत्रू म्हणजे क्षार. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर चुन्यासारखा थर बसतो. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.७ युनिट लागतं, म्हणजे २ किलोवॅटच्या गीझरला वीसेक मिनिटं. तुमचा पाऊण तास घेत असेल किंवा आतून तडतड आवाज येत असेल तर तो उघडून साफ करून घ्यायची वेळ झाली आहे. त्याच वेळी मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड बघायला सांगा. टाकीऐवजी स्वतः झिजणं हेच त्याचं काम. तो संपला की टाकी गंजायला लागते आणि मग दुरुस्ती नसते, नवीन गीझरच. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना चार थेंब पडले तर घाबरू नका. ते गळतंय म्हणून व्हॉल्व्ह बंद करणं मात्र धोक्याचं.

छतावर सोलर असेल तर काचेच्या नळ्या पहाटेच धुवा. उन्हात तापलेल्या नळीवर गार पाणी पडलं तर ती तडकते.

राहिला गॅस गीझर. छोट्या बाथरूममध्ये खिडकी बंद करून तो चालला की बर्नरला ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. आपल्याला जो ‘गॅसचा वास’ माहीत आहे तो एलपीजीत मुद्दाम मिसळलेला असतो, जळून तयार झालेल्या या वायूत तो नसतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा याला दोनशेहून जास्त पट घट्ट धरतं. डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते, आणि दार आतून बंद असतं. तुमच्या फोनमध्ये हे ओळखणारा कुठलाही सेन्सर नाही, तसं सांगणारं अ‍ॅप खोटं आहे. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म वेगळा विकत मिळतो.

हिवाळा सुरू होण्याआधी बर्नर टेक्निशियनकडून साफ करून घ्या. ज्योत निळी हवी. पिवळी, फडफडणारी ज्योत किंवा गीझरवर काजळी दिसली तर तो वापरायचा नाही. पण स्वच्छ गीझरही बंद बाथरूममध्ये सुरक्षित नसतो. त्याची जागा बाहेर, ड्राय बाल्कनीत किंवा मोकळ्या गॅलरीत, आणि पाइपने पाणी आत. भाड्याचं घर बघायला गेलात आणि बाथरूमच्या आत गॅस गीझर दिसला, तर डिपॉझिटचं बोलण्याआधी तो बाहेर हलवायचं बोला. घरमालक तयार नसेल तर बाहेर बादली भरून घ्या, गीझर बंद करा आणि मग आंघोळीला जा.

कोणी आत गेलंय आणि हाक मारूनही ओ देत नसेल तर वाट बघू नका. दार तोडा, गॅस बंद करा, त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करताना “गॅस गीझर चालू होता” हे आधी सांगा. स्वतः आत थांबू नका.